मधल्या वेळेतला माणूस

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. भाजीवालीने न मागता कोथिंबिरीच्या चार काड्या जास्त घातल्या तरी माझ्या मनात पाल चुकचुकते. हल्ली घरातला टीव्ही 'तुम्हाला हे आवडेल' म्हणत आपणहून काहीबाही पुढे करतो, तेव्हा मी रिमोट खाली ठेवून देते. ह्याला कोणी सांगितलं मला काय आवडतं ते? लेक म्हणते, आई, तू अति करतेस. करते. पण तिला आमच्या वाडीतला तो रविवार माहीत नाही. सकाळी सरकारी चॅनेल सुरू झाल्यापासून दिवेलागणीपर्यंत आम्ही बायका एका काळ्यापांढऱ्या पडद्यावर पाळत ठेवून बसलो होतो, आणि त्यातली एकही बाई कार्यक्रम बघायला आलेली नव्हती.

आमची वाडी भाट्याच्या पुलापलीकडे, आत डोंगराच्या अंगाला. घरं मोजकी, सगळी एकाच भावकीची. पुरुषमाणसं मुंबईला. तिथे गावकीची एक खोली होती आणि वाडीतले झाडून सगळे तिच्यात राहायचे. दांडीवर कपडे एकत्र, खानावळ एक, भांडणंसुद्धा एकत्र. गणपतीला आणि शिमग्याला ते घरी यायचे. गणपतीत आमच्याकडे जाखडीचा नाच असतो. आमच्या वाडीची पद्धत अशी की नाचणाऱ्या-गाणाऱ्या सगळ्यांचे शर्ट एकाच ताग्यातून शिवायचे. त्या रविवाराच्या आधीच्या गणपतीला कापड निघालं ते रुंद उभ्या पट्ट्यांचं, लांबून गादीच्या खोळीसारखं दिसणारं. दुकानदाराने न खपणारा तागा आमच्या गळ्यात मारला, असा आईचा ठाम संशय होता. नाच संपला की तेच शर्ट मुंबईत वर्षभर अंगावर.

टीव्ही वाडीत पहिल्यांदा आला तो आमच्याच घरी. एका शिमग्याला बाबा तो एसटीच्या टपावरून घेऊन आले. रत्नागिरीत मनोरा उभा राहिला होता, त्यामुळे चित्र यायचं, निदान येण्याचा प्रयत्न करायचं. वाडीला कौतुक. आईला नाही. "स्वता घरात ऱ्हायाचा नाय आनि घरासाटी ह्या खोक्यात मानसा आनून ठेवायची. कशाला ता?" ती मला पुन्हा पुन्हा विचारायची. बाबांना विचारायची सोय नव्हती. बाबा घुमे. सुट्टीत आले की कौलं चाळायची, गडग्याचे पडलेले दगड चढवायचे, भावकीच्या बैठकीला जायचं आणि एक दिवस पिशवी उचलून गाडी धरायची. आमच्याशी ते बोलायचे ते सूचना दिल्यासारखं.

टीव्हीला लाकडी दारं होती आणि दारांना किल्ली. किल्ली आईच्या कमरेला. तरीही संध्याकाळी सगळ्या बायका पडवीतून आत येऊन बसत. कोण कशासाठी येतं ह्याबद्दल आईची स्वतंत्र मतं होती. एक आमच्या चुलीवर काय आहे ते बघायला येते, दुसरी घरची भांडी सुनेवर टाकून येते. त्या मतांतली निम्मी खरी निघायची, म्हणून तर पंचाईत.

आता मधल्या वेळेबद्दल सांगायला हवं, कारण आजच्या पोरांना ती ठाऊक नाही. त्या काळी एक कार्यक्रम संपला आणि दुसऱ्याची वेळ व्हायची असली की मध्ये काहीतरी लावून देत. एखादा धबधबा, तळ्यातली बदकं, मागे सतार. बोलणं नाही, नाव नाही. त्याच त्या चित्रपट्ट्या फिरून फिरून लागायच्या. त्या वेळात बायका अंबाडा सोडून पुन्हा बांधून घेत.

एका संध्याकाळी गाण्यांचा कार्यक्रम आणि बातम्या ह्यांच्या मध्ये एक नवीनच पट्टी लागली. मुंबईतल्या कुठल्याशा बागेत फुलांचं प्रदर्शन. माणसं रांगेने कुंड्या बघत चालली होती. त्या गर्दीत एक माणूस दिसला, आणि त्याच्या अंगात पट्ट्यांचा शर्ट. शेजारी एक बाई, अंगभर फुलांची साडी, केसात भरघोस गजरा. बाई त्याच्याकडे वळून काहीतरी बोलली आणि तो मान मागे टाकून खदाखदा हसला. चित्रात मुंग्या भरलेल्या, चेहरा पुसट. दोन बदकं आली आणि माणूस गेला.

"शर्ट वाडीचा!" तीनचार जणी एकदम ओरडल्या.

"अगो, हे आपले भावजी!" आई म्हणाली. बोट दाखवणारी पहिली तीच.

भावजी म्हणजे शेजारच्या घरातले माझे काका, बाबांचे चुलतभाऊ. ते नाचाचे गाणारे, वाडीचे हसरे. शिमग्याला त्यांची गाडी आली हे आम्हाला त्यांच्या हसण्यावरून कळायचं. भावकीत नाकं सगळ्यांची सारखी, उंची सारखी, चण सारखी. मग एवढं हसणारा दुसरा कोण असणार? कोणालाच शंका आली नाही. आमच्यासारख्या संशयी बायकांना हवी तिथे शंका येत नाही ती अशी.

काकी तेव्हा घरी नव्हती. वडील आजारी म्हणून धाकट्या लेकाला घेऊन नाटे गावी माहेरी गेली होती. ती परत येईपर्यंत वाडीने काकांचं मुंबईत दुसरं घर मांडून दिलं होतं. बाईची जात, तिचा गाव, तिला किती पोरं, सगळं ठरलं. काकी विहिरीवर आली की बायकांची रहाटाशी लगबग सुरू व्हायची आणि बोलणं बंद पडायचं. तिला पत्ता लागेना. शेवटी तिने मला पाणंदीत गाठलं. मी चौदा-पंधरा वर्षांची. मी सांगून टाकलं. ती रडेल असं मला वाटलं होतं. तिने फक्त विचारलं, "तू सोता पायलंस?" मी हो म्हटलं.

शनिवारी ती आमच्या दारात आली. आत आली नाही, पायरीवर उभी राहून आईला म्हणाली, "वयनी, उद्या मी दिसभर तुमच्यात बसत्ये. ता चित्र परत लागल ना, तवा माज्या डोळ्यांनी बगीन. आमचे असले तर परवाच्या गाडीनं पोराला घेऊन नाट्याला जाईन. मागारी यायची नाय. नसले तर तुमी सगळ्यांनी माज्या दारात येऊन बोलायचा, चुकला म्हनून."

आई म्हणाली, "ये की गो. माजा काय जातंय." ती गेल्यावर मला म्हणाली, "बगलंस? डोळ्यात पानी नाय. हिला सगळा म्हायती हाय." काकी रडली असती तर आई म्हणाली असती, नाटकं करते. हा स्वभाव मी जवळून बघितलेला आहे.

रविवारी टीव्हीवर ते फिरत फिरत मोठं होणारं चिन्ह आलं, ती उदास धून वाजली, त्याच्या आधीच काकी भिंतीला टेकून बसली होती. पोराला मांडीवर घेतलेलं. हळूहळू सगळी वाडी जमली. कोणी म्हणाली, आज भक्तीची मालिका आहे ना. मालिका दर रविवारी असायची, पण इतकी गर्दी कधी नव्हती.

पहिल्यांदा मुलांसाठी बाहुल्या नाचल्या. त्यांच्याकडे पोरांशिवाय कोणी बघितलं नाही, सगळ्या काकीकडे बघत होत्या. मग देव आले. एका म्हातारीने नेहमीप्रमाणे टीव्हीला उदबत्ती ओवाळली. आईचा पडद्यावरच्या देवांवर फारसा विश्वास नव्हता. "देवाच्या दाढीचा गोंद दिसतोय," ती म्हणायची. देवांचा कार्यक्रम संपला, मधली वेळ आली. धबधबा लागला. नुसता धबधबा. काकीने पोराला एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतलं.

मग एक विज्ञानाचा कार्यक्रम झाला. चष्मेवाल्या माणसाने हिंदीत मुंगीच्या पायांबद्दल बरंच काही सांगितलं. दुपारी मूकबधिरांसाठी बातम्या. त्यातली हातवारे करणारी बाई आईला फार आवडायची. तोंडाने बोलणारे लपवालपवी करतात, ही हाताने खरं ते सांगते, असं आईचं म्हणणं. त्या दिवशीही ती म्हणाली, "बगा, सांगत्ये ती." काय सांगत होती ते आम्हा कोणालाच कळत नव्हतं. बातम्यांनंतर बदकं आली. सगळ्या पुढे सरकल्या, कारण मागच्या वेळी बदकं माणसाच्या पाठोपाठ आली होती. पण ह्या वेळी बदकं एकटीच.

जेवायला कोणी घरी गेलं नाही. आईने सगळ्यांना कुळथाचं पिठलं आणि भात वाढला. काकीने ताटाला बोट लावलं नाही. "मी घरून खाऊन आयल्ये," ती म्हणाली. सकाळपासून तिच्या चुलीचा धूर निघाला नव्हता, हे सगळ्यांनी पाहिलं होतं.

दुपारचा चित्रपट कुठल्या भाषेचा हे शेवटपर्यंत कळलं नाही. आसामी असेल, उडिया असेल. एक बाई नदीकाठी उभी, खूप वेळ उभी. एक माणूस होडीत बसून गेला तो गेलाच. खालून इंग्रजी अक्षरं धावत होती, मला शाळेपुरतं इंग्रजी येत होतं, पण मी एक शब्द वाचेपर्यंत ओळ पळून जायची. "काय म्हनत्ये गो ती?" असं सगळ्या मला विचारत आणि मी मनाला येईल ते सांगत होते. काकीने मात्र विचारलं, "तो परत येतो काय?" मला थाप मारवेना. मी म्हटलं, अजून आला नाही. तेवढ्यात वीज गेली.

तो वेळ मला आजही आठवतो. बंद टीव्हीसमोर भरलेलं घर, आणि कोणी उठत नाही. काकी उठून गेली असती तर वाडीने म्हटलं असतं, भ्याली. बसून राहिली तर म्हणत होत्या, निगरगट्ट. मला पहिल्यांदाच आईचा राग आला. हे सगळं तिच्या एका बोटाने सुरू केलं होतं, आणि आता ती शांतपणे सुपात तांदूळ पाखडत होती.

वीज आली तेव्हा शेतकऱ्यांचा कार्यक्रम चालू होता. आमच्याकडे हा कार्यक्रम म्हणजे थट्टेचा विषय. पडद्यावर काळी माती, ढेकळं, ऊस, आणि पांढरंशुभ्र धोतर नेसलेला शेतकरी. साहेब प्रश्न विचारायचा आणि शेतकरी पाठ केल्यासारखं उत्तर द्यायचा. आमची जमीन कातळाची, खुरप्याने उकरावी तिथे जांभा लागतो. "ह्याचा धोतर बगा, ह्यो कदी शेतात गेलाय?" एकजण म्हणाली आणि दिवसभरात पहिल्यांदा बायका हसल्या. काकीसुद्धा थोडी हसली. साहेबाने शेतकऱ्याचे आभार मानले आणि कार्यक्रम संपला.

सतार वाजली. फुलांच्या कुंड्या दिसल्या.

आई सूप हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. त्या संध्याकाळी चित्र इतकं स्वच्छ होतं की कुंड्यांवरच्या चिठ्ठ्या दिसाव्यात. रांग पुढे सरकली. पट्ट्यांचा शर्ट आला, गजरा आला, बाई वळून काहीतरी बोलली, आणि तो माणूस मान मागे टाकून हसला. सगळे दात दिसले.

"आमचे नव्हंत," काकी म्हणाली.

आवाज अगदी साधा. मग तिने सगळ्यांकडे वळून सांगितलं, "आमचे हसताना तोंडावर हात धरतात. पुढचा दात तुटल्यापासना. माज्यासमोर पन धरतात." आणि ते ऐकल्याबरोबर प्रत्येकीला आठवलं. खरंच की, काकांचा हात सदा तोंडाशी. आम्ही त्यांचं हसणं दर सुट्टीत ऐकलं होतं, बघितलं कधी नव्हतं.

"मग ह्यो कोन?" उदबत्ती ओवाळणाऱ्या म्हातारीने विचारलं.

पडद्यावरच्या माणसाने हसून हसून डोळे पुसले. मग तो एका पायावर उभा राहिला आणि दुसऱ्या पायाची टाच त्याने पोटरीवर घासली, वर खाली, वर खाली. डास चावला की आमच्या पडवीत उभे राहून बाबा अगदी असंच करायचे. आई दरवेळी म्हणायची, पाय धुवा आधी. बदकं आली तरी म्हातारीला कोणी उत्तर दिलं नाही. उत्तर सगळ्यांना मिळालं होतं.

मी बाबांना ओळखलं नव्हतं, कारण मी त्यांना हसताना कधी पाहिलं नव्हतं. तो चेहराच माझ्या ओळखीचा नव्हता. मी मुलगी, माझं सोडा. पण आईनेही ओळखलं नव्हतं. इतक्या वर्षांच्या संसारात तिने तो चेहरा बघितला असता तर तिचं बोट शेजारच्या घराकडे गेलंच नसतं. मला रडू आलं, आणि रागही आला. कोणाचा, ते त्या वेळी ठरवता येईना.

आता काकी टोमणा मारणार, म्हणून मी अंग चोरून बसले. हक्क होता तिचा. ती उठली, झोपलेलं पोर खांद्यावर टाकलं आणि आईजवळ थांबून हळू आवाजात म्हणाली, "वयनी, खोलीत कोनी पन कोनाचा शर्ट घालतो."

"शर्ट कोनाचा पन असंल गो," आई म्हणाली. "पाय तेंचेच हायत."

काकी तिच्या दंडाला हात लावून निघून गेली. तिच्या मागोमाग सगळ्या उठल्या. बातम्या कोणी ऐकल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी आई काकीच्या दारात जाऊन 'चुकला' असं म्हणून आली. बाकीच्यांपैकी कोण गेलं, कोण नाही, मला ठाऊक नाही.

त्यानंतर गणपतीपर्यंत वाडीचा संशय आमच्या अंगणात मुक्कामाला आला. विहिरीवर आता मी गेले की बोलणं थांबायचं. आई कोणाशी भांडली नाही. फक्त तिची टीव्ही बघायची रीत उलटी झाली. कार्यक्रम सुरू झाला की ती उठून कामाला लागायची आणि मधली वेळ आली की हातातलं काम टाकून येऊन बसायची. ती पट्टी मधूनमधून लागे. आई मान एका बाजूला कलती करून बघायची. ती त्या बाईला नीट बघून घेते आहे, साडी, गजरा, वय, असा माझा अंदाज. मनात मी त्या बाईला हजार शिव्या दिल्या.

गणपतीला बाबा आले ते सगळं ऐकूनच आले होते. काकांनी सांगितलं असणार. पिशवी ठेवली, पाय धुतले, आणि आईने काही विचारायच्या आत पडवीत बसून सांगायला लागले. बाई खानावळवाली आहे, विधवा, साऱ्या खोलीला जेवू घालते. त्या रविवारी खोलीतले पाचसहाजण मिळून बागेत गेले होते, काकासुद्धा होते, बाकीचे मागे राहिले म्हणून चित्रात आले नाहीत. एवढं लांब बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. सगळं कसं नीट जुळत होतं, आणि म्हणूनच माझा त्यावर विश्वास बसेना. अजूनही पुरता बसलेला नाही.

आई पातोळ्यांसाठी हळदीची पानं पुसत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"बाई कोन ता मी इचारलंय काय तुमाला?" ती म्हणाली.

बाबा म्हणाले, "मग काय इचारतेस?"

"ती काय बोल्ली?"

"कदी?"

"तुमी हसलात ना, त्याच्या आदी. वळून काय तरी बोल्ली ती. मी लय वेळा बगितला, पन टीवीत आयकू येत नाय."

"आता काय आठवतंय ता," बाबा म्हणाले.

"आठवा." आईने पान खाली ठेवलं. तिच्या आवाजात राग नव्हता. तेव्हा मला कळलं की इतके दिवस ती त्या बाईकडे बघतच नव्हती, तिचे शब्द ऐकू पाहत होती. "आठवून मला सांगा. मी पन तसा बोलून बगत्ये."

बाबा खाली मान घालून पुसलेली पानं एकावर एक रचत राहिले. त्यांना ते आठवलं नाही.